कलम ३.३.१ : एका वाक्याचे पाच महिने

मार्च २०१०मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने एक करारपत्र जाहीर केले. आयफोनसाठी अ‍ॅप लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅपलशी जो करार करावा लागे, तोच हा. हजारो लोकांनी त्याला संमती दिलेली होती, पण त्याच्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नव्हती. कलम १०.४ नुसार कराराच्या अटींविषयी जाहीर वक्तव्य करायला मनाई होती. गंमत अशी, की करार स्वतःला गोपनीय म्हणवत नव्हता. त्याच्याविषयी बोलणे तेवढे निषिद्ध होते. संस्थेने वाट काढली ती नासाच्या दारातून. नासाने आयफोनसाठी एक अ‍ॅप काढले होते, म्हणजे तिनेही हा करार केला होता. आणि नासा सरकारी खाते असल्यामुळे तिथले कागद माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली मागता येत होते. असा मार्च २००९च्या आवृत्तीचा मजकूर बाहेर आला.

त्या वेळी लक्ष गेले ते भलत्याच कलमांकडे. काहीही नुकसान झाले तरी अ‍ॅपलची जबाबदारी ५० डॉलरच्या वर जाणार नाही, हे एक. मंजूर झालेले अ‍ॅप अ‍ॅपल केव्हाही रद्द करू शकते, हे दुसरे. कलम ३.३.१ कडे फारसे कोणी पाहिले नाही, कारण पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. अ‍ॅपलने जाहीर केलेल्या एपीआयच वापरायच्या, त्याही सांगितलेल्या पद्धतीने, आणि खासगी एपीआयना हात लावायचा नाही, एवढेच एका वाक्यात म्हटले होते. (एपीआय म्हणजे अ‍ॅपने फोनच्या सोयी वापरायच्या ठरावीक जोडण्या.) महिन्याभरात घडले ते समजून घ्यायला मात्र हाच जुना मजकूर कामी येतो. नव्या कलमात काय वाढले, हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

८ एप्रिल २०१० रोजी क्युपर्टिनो इथे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ओएस ४ दाखवला. मल्टिटास्किंग आले, फोल्डर आले, जाहिरातींसाठी आयअ‍ॅड आले. व्यासपीठावरून कराराविषयी अवाक्षर निघाले नाही. त्याच दिवशी डेव्हलपरांना नव्या एसडीकेची, म्हणजे अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचाची, चाचणी-आवृत्ती मिळाली आणि तिच्यासोबत सुधारित करार. डेअरिंग फायरबॉल हा ब्लॉग चालवणारे जॉन ग्रूबर यांनी त्यातले बदललेले कलम त्याच दिवशी छापले. जुने वाक्य जागच्या जागी होते. त्याला नवे शेपूट जोडले होते. त्याचा आशय असा : अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी प्लस प्लस किंवा आयफोनच्या वेबकिट इंजिनावर चालणारी जावास्क्रिप्ट यांत लिहिलेले असले पाहिजे; जाहीर एपीआयना थेट जोडला जाणारा कोड फक्त पहिल्या तीन भाषांतला असावा; मध्ये भाषांतर करणारा किंवा जुळवून घेणारा एखादा थर अथवा साधन घालून एपीआयशी जोडलेली अ‍ॅप चालणार नाहीत.

ही अट जरा थांबून वाचण्यासारखी आहे. अ‍ॅप स्टोअरला डेव्हलपर आपला मूळ कोड पाठवत नाही. पाठवतो ते कंपाइल होऊन तयार झालेले, यंत्रभाषेतले अ‍ॅप. अ‍ॅप कसे चालते, अडखळते का, बॅटरी खाते का, हे तपासनिसाला पाहता येते. पण नव्या कलमाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती अ‍ॅपची जन्मकथा, म्हणजे पहिल्यांदा ते कोणत्या भाषेत लिहिले गेले ही माहिती. एखाद्याने सी शार्पमध्ये उत्तम गेम लिहिला आणि दुसऱ्याने ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये भिकार, तर कराराच्या लेखी पहिला दोषी आणि दुसरा निर्दोष. मालाचा दर्जा राखण्यासाठी लिहिलेल्या नियमाची भाषा अशी नसते.

नियम कोणासाठी होता याबद्दल तेव्हाही फारशी शंका नव्हती. ऑक्टोबर २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅक्स परिषदेत फ्लॅश हे तंत्र बनवणाऱ्या अडोबी कंपनीने सांगितले होते, की फ्लॅश प्रोफेशनल सीएस५ मध्ये लिहिलेला प्रकल्प आयफोनच्या अ‍ॅपमध्ये रूपांतरित करता येईल. आयफोनच्या ब्राउझरमध्ये फ्लॅशला प्रवेश नव्हता, म्हणून हा मागच्या दाराचा रस्ता. फ्लॅश येणारे डिझायनर जगभर पसरलेले. त्यांना ऑब्जेक्टिव्ह-सी न शिकता आयफोनवर उतरता येणार होते. अ‍ॅपलचा नवा करार आला ८ एप्रिलला, आणि अडोबीने क्रिएटिव्ह सूट ५ चे अनावरण केले १२ एप्रिलला. मध्ये गेले चार दिवस.

पण कलमात अडोबीचे नाव नव्हते, आणि नाव नसलेला नियम सगळ्यांना लागतो. नॉव्हेलचे मोनोटच सप्टेंबर २००९ पासून विक्रीला होते. वैयक्तिक परवाना ३९९ डॉलर, कंपनीसाठी ९९९. त्यात सी शार्पमध्ये लिहायचे. आयफोनवर चालता चालता यंत्रभाषा तयार करायला मज्जाव असल्यामुळे मोनोटच सगळा कोड आधीच कंपाइल करून ठेवी. युनिटी हे गेम बनवायचे इंजिनही आतून मोनो, म्हणजे मोनोटचच्या मुळाशी असलेले तंत्रच, वापरत होते. अन्स्का मोबाइलचे कोरोना लुआ भाषेवर उभे होते, अ‍ॅपसेलरेटरचे टायटॅनियम जावास्क्रिप्टवर. शिवाय गेमवाल्यांमध्ये इंजिन सी प्लस प्लसमध्ये आणि पात्रांचे वागणे लुआमध्ये लिहायची जुनी रीत होती, तिचे काय, हा प्रश्न होताच.

प्रतिक्रियांचे कागद भरपूर आहेत, आणि त्यांतला सूर एकसारखा नाही. अडोबीचे प्लॅटफॉर्म-प्रचारक ली ब्रिमेलो यांनी दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपलला जाहीरपणे चक्क शिवी हासडली आणि हे मत आपले वैयक्तिक आहे अशी पुस्तीही जोडली. तो संताप सगळीकडे उद्धृत झाला. मला त्याहून बोलका वाटतो तो त्याच दिवशीचा, ९ एप्रिलचा, रोखे आयोगाला अडोबीने सादर केलेला तिमाही अहवाल. आयफोन किंवा आयपॅडसारख्या उपकरणांवर आमची उत्पादने चालवणे अवघड झाले आणि ग्राहकांचे मन वळले, तर धंद्याला धक्का बसू शकतो, असे त्याच्या जोखमींच्या यादीत कोरड्या कायदेशीर भाषेत लिहिले आहे. शिवी रागाच्या भरात देता येते. रोखे आयोगापुढचे वाक्य वकिलांनी तोलूनमापून लिहिलेले असते.

नॉव्हेलचे निवेदन अगदी वेगळ्या वळणाचे आहे. त्यात तक्रार नाही, आर्जव आहे. मोनोटच फक्त मॅकवरच चालते, अ‍ॅपलच्या एक्सकोड या साधनाशी आणि आयफोनच्या एसडीकेशी घट्ट जोडलेले आहे, त्यातून निघालेले अ‍ॅप मूळ अ‍ॅपहून ओळखू येत नाही, आणि त्यात जाहीर एपीआयच वापरल्या जातात. तेव्हा अ‍ॅपलचा हेतू तांत्रिक असेल किंवा आपलीच साधने लोकांनी वापरावीत असा असेल, तरी मोनोटच वापरणाऱ्यांना अडचण येऊ नये, असा त्याचा युक्तिवाद. आम्ही तुमचेच आहोत, हे सिद्ध करण्याची ही धडपड. युनिटीचे प्रमुख डेव्हिड हेल्गासन यांनीही ग्राहकांना धीर दिला. युनिटीची हकिकत तर आणखी विचित्र. कोपनहेगनच्या या मंडळींनी आपले इंजिन २००५मध्ये अ‍ॅपलच्याच डेव्हलपर परिषदेत आणले होते, आणि सुरुवातीला ते फक्त मॅकवर चालत असे. गेम बनवणाऱ्यांपैकी मॅककडे ढुंकूनही कोणी पाहत नव्हते त्या काळात ज्यांनी मॅकची कास धरली, त्यांच्यावरच पाच वर्षांनी ही पाळी आली.

अडोबीकडून निर्णायक मजकूर आला २० एप्रिलला. फ्लॅशच्या डेव्हलपरांशी संबंध पाहणारे माइक चेम्बर्स यांनी लिहिले, की आयफोनची सोय सीएस५ मध्ये ठरल्याप्रमाणे देऊ, पण यापुढे तिच्यावर पैसा आणि श्रम घालणार नाही. फ्लॅशमधून बनलेली शंभरावर अ‍ॅप तोवर स्टोअरमध्ये दाखल झाल्याचे त्यांनी नोंदवले. डेव्हलपरांनी ती नाकारली जाण्याची किंवा काढून टाकली जाण्याची तयारी ठेवावी, असेही सांगितले. एक निरीक्षण त्यांनी जाता जाता केले आहे, आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे असे मला वाटते : अ‍ॅपल ही अट निवडकपणे लावील असे दिसते, पण फ्लॅशच्या बाबतीत ती नक्की लावील.

त्या पाच महिन्यांचे कागद एकापुढे एक मांडले की हेच दिसते. युनिटीतून बनलेले गेम स्टोअरमध्ये विकले जात होते आणि दर विक्रीमागे ३० टक्के अ‍ॅपलच्या तिजोरीत पडत होते. कलमाचा शब्दशः अर्थ लावला असता, तर ते सगळे काढावे लागले असते. ते काढले नाहीत. तुम्ही सुरक्षित आहात, असेही कोणी लिहून दिले नाही. नियम सर्वांवर आणि अंमल मोजक्यांवर, ही स्थिती मधल्या काळातली बेपर्वाई होती असे मी मानत नाही. ज्याच्या हातात मंजुरीचा शिक्का आहे त्याला ती सोयीची असते. ज्याचे अ‍ॅप आज चालते आहे तोही गप्प राहतो, कारण उद्या ते चालेल की नाही हे त्याच्या हाती नसते.

जॉब्ज यांची बाजू मात्र निव्वळ कावा म्हणून उडवून लावता येणार नाही. ग्रूबर यांनी दोन-एक दिवसांत एक विवेचन लिहिले होते : अ‍ॅपलला आपल्या प्लॅटफॉर्मवर दुसऱ्याचा प्लॅटफॉर्म उभा राहायला नको आहे, कारण मग तीच अ‍ॅप सगळ्या फोनांवर सारखीच मिळतील आणि आयफोनचे वेगळेपण उरणार नाही. या बदलाबद्दल एका डेव्हलपरने जॉब्जना ईमेल केली, तेव्हा त्यांनी थोडक्यात उत्तर धाडले. ग्रूबर यांचा लेख मर्मग्राही आहे, असे सांगून त्यांनी पुढे लिहिले, की आम्ही या वाटेने पूर्वी गेलो आहोत. प्लॅटफॉर्म आणि डेव्हलपर यांच्यामधल्या थरांमुळे अखेर कमअस्सल अ‍ॅप निपजतात आणि प्लॅटफॉर्मची वाढ खुंटते.

पूर्वी गेलो आहोत म्हणजे कुठे? इथे मॅकचा इतिहास काढावा लागतो. १९९४मध्ये अ‍ॅपलने मॅक पॉवरपीसी चिपवर नेला तेव्हा डेव्हलपरांना तारले ते अ‍ॅपलच्या साधनांनी नाही, मेट्रोवर्क्स या बाहेरच्या कंपनीच्या कोडवॉरियरने. पुढे बरीच वर्षे मॅकचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर त्यातच लिहिले जाई. १९९९मध्ये मेट्रोवर्क्स मोटोरोलाने विकत घेतली. मग जून २००५मध्ये जॉब्जनी मॅक इंटेलवर नेण्याची घोषणा केली, आणि कोडवॉरियर वापरणाऱ्यांना आधी आपला सगळा प्रकल्प एक्सकोडमध्ये हलवावा लागला. ज्यांनी अ‍ॅपलचे साधन आधीच धरले होते त्यांचे स्थलांतर सोपे गेले, उरलेल्यांचे लांबले. बाहेरचे साधन एकदा उपकारक ठरले होते आणि तेच नंतर लोढणे झाले, हा अनुभव अ‍ॅपलच्या खात्यावर खरोखर होता.

दुसरा दाखला खुद्द अडोबीचा. २९ एप्रिल २०१० रोजी जॉब्ज यांनी 'थॉट्स ऑन फ्लॅश' हे खुले पत्र काढले. त्यात सहा कारणे आहेत. सुरक्षितता, बॅटरी, स्पर्श वगैरे पाच झाल्यावर सहावे येते आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे असे ते स्वतःच म्हणतात. डेव्हलपर बाहेरच्या साधनावर विसंबले, तर प्लॅटफॉर्ममधल्या नव्या सोयी त्या साधनाने उचलल्या तरच त्यांना मिळणार. आमच्या सुधारणा लोकांना केव्हा मिळायच्या, हे दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर आम्ही सोडू शकत नाही. पुरावा म्हणून ते सांगतात, की मॅक ओएस एक्स येऊन जवळपास दहा वर्षे झाली तरी अडोबी कोको या नव्या मॅक-चौकटीवर पूर्णपणे आली ती दोन आठवड्यांपूर्वी, सीएस५ सोबत.

हे खरे आहे, पण अर्धे. अडोबी रेंगाळली होती ती कार्बनवर, आणि जुन्या मॅकवरून मॅक ओएस एक्सवर नेणारा कार्बन हा पूल अ‍ॅपलनेच बांधून दिला होता. कार्बनला ६४ बिटांवर नेऊ, असे अ‍ॅपलने २००६च्या डेव्हलपर परिषदेत सांगितले आणि २००७च्या परिषदेत तो बेत सोडून दिला. त्याचा परिणाम म्हणून एप्रिल २००८मध्ये अडोबीला जाहीर करावे लागले, की फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४ बिटांचे निघेल, मॅकवर नाही. म्हणजे उशिराचा दोष दोघांत वाटून घ्यावा लागतो. खुल्या पत्रात ती वाटणी नाही. बहुधा असणारही नाही. तेव्हा अडोबीच्या प्रमुखपदी होते हैदराबादेत जन्मलेले शंतनू नारायण. त्यांनी त्याच दिवशी वॉल स्ट्रीट जर्नलला मुलाखत दिली आणि तांत्रिक कारणे म्हणजे नुसता धुरळा आहे, असे सांगून टाकले. १३ मे रोजी अडोबीचे संस्थापक चक गेश्की आणि जॉन वॉर्नॉक यांनी खुल्या बाजारपेठेविषयी पत्र काढले, आणि वर्तमानपत्रांत 'आमचे अ‍ॅपलवर प्रेम आहे' अशा मजकुराच्या जाहिराती झळकल्या. यातून कोणाच्या अ‍ॅपचे भले झाले नाही.

मोठ्यांच्या या पत्रापत्रीत एक छोटे प्रकरण वाहून गेले. एमआयटीच्या मीडिया लॅबने मुलांसाठी स्क्रॅच ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली आहे. रंगीत ठोकळे जुळवायचे आणि त्यातून गोष्ट किंवा खेळ तयार करायचा. मुलांनी असे बनवलेले प्रकल्प आयफोनवर पाहता यावेत म्हणून एका डेव्हलपरने अ‍ॅप काढले होते. एप्रिलमध्ये अ‍ॅपलने ते स्टोअरमधून उतरवले. कारण होते शेजारचे कलम ३.३.२ : अ‍ॅपलच्या स्वतःच्या इंटरप्रिटरखेरीज दुसऱ्या कशानेही चालणारा कोड अ‍ॅपमध्ये वापरायचा नाही. हे कलम जुनेच होते. आदल्या वर्षी कमोडोर ६४ या जुन्या संगणकाचा एम्युलेटर त्यातच अडकला होता. त्यात दडलेल्या बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेपर्यंत पोचता येते हे लक्षात आल्यावर मंजूर झालेले अ‍ॅप परत काढले गेले. आठ-दहा वर्षांची पोरे ठोकळे जुळवून मांजर नाचवतात, त्याने आयफोनची सुरक्षितता कशी धोक्यात येते, याचे उत्तर कलमात शोधून सापडत नाही.

जूनमध्ये करार पुन्हा बदलला, आणि हा बदल मोलाचा असूनही चर्चेत मागे पडला. ३.३.२ मध्ये नवे वाक्य आले, की अ‍ॅपलची आगाऊ लेखी संमती असेल तर अ‍ॅपमध्ये इंटरप्रिटरवर चालणारा कोड मर्यादित प्रमाणात, किरकोळ सोयींसाठी आणि अ‍ॅपच्या जाहीर हेतूला धरून वापरता येईल. लुआ वापरणाऱ्या गेमवाल्यांना दार किलकिले झाले. मात्र संमती मागावी लागणार होती आणि ती देणे-न देणे अ‍ॅपलच्या हाती होते. ३.३.१ जसेच्या तसे राहिले. जुलैमध्ये हेल्गासन यांनी ग्राहकांना कळवले, की वेळ आलीच तर युनिटीचे गेम सी शार्पऐवजी सी प्लस प्लसमध्ये लिहिता येतील अशी पर्यायी व्यवस्था आम्ही तयार करत आहोत. ती भाषा या कामाला सर्वोत्तम नाही, हेही त्यांनी लपवले नाही. कलमाचा खरा खर्च असल्या नोंदींत दिसतो : चालत्या गाड्याला दुसरा घोडा जुंपून ठेवण्यात गेलेले कष्ट.

९ सप्टेंबर २०१० रोजी अ‍ॅपलने निवेदन काढले. डेव्हलपरांचे म्हणणे ऐकून ३.३.१, ३.३.२ आणि ३.३.९ या कलमांत बदल करत आहोत. अ‍ॅप बनवायच्या साधनांवरची सगळी बंधने सैल करत आहोत, मात्र अ‍ॅपने बाहेरून कोड डाउनलोड करता कामा नये. त्याच दिवशी अ‍ॅप मंजुरीचे निकष पहिल्यांदाच जाहीर झाले. स्टोअरमध्ये अडीच लाखांवर अ‍ॅप आहेत आणि पादण्याच्या आवाजाची आणखी अ‍ॅप आम्हाला नकोत, असे त्यांत बिनदिक्कत लिहिलेले आहे. आणि वर्तमानपत्रांकडे धावून आमची बदनामी केलीत तर त्याने कधीच काही साधत नाही, असा इशाराही. ज्या निवेदनात डेव्हलपरांचे ऐकल्याचे श्रेय आहे, त्याच्याच जोडीने हा इशारा यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ऐकले कोणाचे? या प्रश्नासाठी दुसरा एक कागद जवळ ठेवावा लागतो. २५ सप्टेंबर २०१० रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाने पत्रक काढले. आयफोनविषयी वसंत ऋतूत दोन प्राथमिक चौकश्या सुरू केल्या होत्या, असे त्यात म्हटले आहे. एक हमीखालच्या दुरुस्तीबद्दल : फोन ज्या देशात घेतला तिथेच दुरुस्ती, ही अट. दुसरी थेट आपल्या विषयाची : अ‍ॅप लिहिणाऱ्यांवर अ‍ॅपलचीच साधने आणि मान्य भाषा वापरायची सक्ती, त्यामुळे इतरांच्या साधनांची कुचंबणा आणि अखेर प्रतिस्पर्धी फोनांवरच्या अ‍ॅपची कोंडी. दोन्ही बाबतींत अ‍ॅपलने धोरण बदलल्यामुळे आयोग या चौकश्या आवरत्या घेत आहे, असे आयुक्त होआकिन अल्मुनिया यांच्या नावे सांगितले आहे. अमेरिकेतही फेडरल ट्रेड कमिशनकडे अडोबीने तक्रार केल्याची बातमी होती. त्या तक्रारीचे कागद एका नियतकालिकाने मागितले, तेव्हा ते दिल्यास चालू कामात बाधा येईल, या कारणाने ट्रेड कमिशनने नकार दिला.

म्हणून चौकश्यांमुळेच अ‍ॅपल नमली, असे ठामपणे लिहायला हे कागद पुरत नाहीत. उन्हाळ्यात चौकशी चालू होती आणि तिचा विषय हेच कलम होते, इतके त्यांतून सिद्ध होते. अ‍ॅपल दबावाशिवाय मागे हटतच नाही असेही नाही. एसडीकेबद्दल बोलायला असलेली सरसकट बंदी तिने १ ऑक्टोबर २००८ रोजी डेव्हलपरांच्या कुरकुरीनंतर उठवली होती, तेव्हा ब्रसेल्स कुठे चित्रातही नव्हते. तरीही मला वाटते, की युनिटीच्या गेमांची कमाई आणि आयोगाची चौकशी या दोन गोष्टी नसत्या तर हे कलम पाच महिन्यांत गेले नसते. डेव्हलपरांचा आवाज एप्रिलमध्ये जेवढा मोठा होता, तेवढा सप्टेंबरमध्ये राहिला नव्हता.

पुढचे थोडक्यात. अडोबीने आयफोनचे काम लगेच पुन्हा हाती घेतले, पण ९ नोव्हेंबर २०११ रोजी तिने मोबाइल ब्राउझरसाठीचा फ्लॅश प्लेअरच थांबवला. नॉव्हेल २०११च्या एप्रिलमध्ये अटॅचमेटने घेतली आणि मोनोचा चमू कामावरून कमी केला; मे महिन्यात त्यांतल्या लोकांनी झामरिन काढली, तीच २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. सप्टेंबर २०१०च्या निवेदनातले 'मात्र' तेवढे टिकून राहिले. बाहेरून कोड आणायला असलेल्या बंदीत, शिकवण्यासाठी बनवलेल्या अ‍ॅपना काही मर्यादेत मोकळीक देणारे वाक्य अ‍ॅपलच्या निकषांत आले ते जून २०१७मध्ये. त्या वाक्यानुसार अशा अ‍ॅपमधला कोड वापरणाऱ्याला पूर्णपणे पाहता आणि बदलता आला पाहिजे.